मणक्यात गोळी: नव्या रेसिडेंटसाठी चार गोष्टी

पुण्यात मणक्याचा ट्रॉमा शिकायचा म्हणजे दुचाकीवरून पडलेल्यांवर शिकायचा. कात्रज बायपास, सिंहगड रोड, नाहीतर चाकणला शेडवरून पडलेला कामगार. कॉलर, लॉगरोल (पेशंटला ओंडक्यासारखं एकसंध वळवणं), एमआरआय, स्क्रू-रॉड, सगळ्या सवयी त्याच पेशंटवर लागतात. मग एका रात्री गावठी कट्ट्याची गोळी पाठीत घेऊन कोणीतरी येतो आणि यातल्या निम्म्या सवयी नडतात. न्यूरोसर्जरी किंवा ऑर्थोला नुकतेच लागलेल्यांसाठी लिहितोय. एबीसी (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण) आणि आसिया चार्ट (ताकद-संवेदना नोंदवायचा तक्ता) येतो असं धरूनच चालतो.

ज्या सापळ्याने मला झोप लागू दिली नाही तो बीपीचा, म्हणून त्यावरच जास्त बोलणार.

पाय हलत नाहीत, बीपी ८०, नाडी ६० च्या आसपास. डोक्यात उत्तर तयार: न्यूरोजेनिक शॉक, म्हणजे कॉर्डच्या (मज्जारज्जूच्या) दुखापतीने पडलेलं बीपी. बीपी चढवणारं नॉरअॅड लावा, मणक्याचा सीटी काढा. थांबा. गोळी मणक्यापर्यंत छातीतून नाहीतर पोटातून वाट काढत आलेली असू शकते. वाटेत फुप्फुस, यकृत, मोठं आतडं, कधी थेट महाधमनी. गोळीच्या पेशंटचं बीपी पडलं की तो रक्तस्राव समजायचा, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत.

‘पण नाडी तर हळू आहे ना, सर?’ गोम इथेच आहे. टी६ च्या (छातीच्या सहाव्या मणक्याच्या) वर कॉर्ड गेली की मेंदूकडून हृदयाला वेग देणाऱ्या सिम्पथेटिक नसांचा संबंध तुटलेला असू शकतो. रक्त वाहून गेलं तरी नाडी धावत नाही. हातपाय गार पडायला हवेत, ते गरमच राहतात. पोट दाबलं तर दुखत नाही, ताठरही होत नाही, कारण संवेदना नाही आणि स्नायूंना आदेशही नाही. रक्तस्राव ज्या खुणांवरून ओळखायचा त्या खुणाच कॉर्डच्या दुखापतीने पुसलेल्या असतात. दोन्ही शॉक एकाच पेशंटमध्ये असू शकतात हेही विसरू नका. आणि गोळी एल२ ला (कमरेच्या दुसऱ्या मणक्याला) असेल तर न्यूरोजेनिक शॉकचं नावही काढू नका, तिथून तो होत नाही.

म्हणून आधी रक्त मागवा, जनरल सर्जरीला फोन लावा, छातीचा एक्सरे, फास्ट (आतलं रक्त शोधणारी झटपट सोनोग्राफी), लॅक्टेट. फास्ट निगेटिव्ह आला की हुश्श करणारे मी बरेच पाहिलेत. रेट्रोपेरिटोनियममधलं (पोटाच्या पोकळीमागच्या जागेतलं) रक्त फास्टमध्ये नीट दिसत नाही, आणि मणक्याच्या पुढे तेच तर आहे. पेशंट स्थिर असेल तर छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी, नसेल तर सरळ ओटी. मणका थांबेल. रक्तस्राव आटोक्यात आल्यावर मग मीन प्रेशर (सरासरी बीपी) ८५ ते ९० वर ठेवण्याची चर्चा करा.

इंट्युबेशनआधी अर्धा मिनिट काढून हातपाय हलवायला सांगा, गुदद्वाराजवळची संवेदना बघा आणि वेळेसकट लिहा. एकदा स्नायू सैल करणारं रिलॅक्संट गेलं की ही माहिती गेली.

आता थोडा दिलासा. मणक्याच्या बाबतीत तुमच्या हातून रात्री दोनला काही सुटून जात नाही. कट्ट्यासारख्या कमी वेगाच्या गोळीने झालेलं फ्रॅक्चर बहुतेक वेळा स्थिर असतं, स्क्रू-रॉड क्वचितच लागतात. मानेला गोळी असेल तर सवयीने कॉलर चढवू नका. तिच्याखाली वाढणारी रक्ताची गाठ आणि सरकलेली श्वासनलिका झाकली जाते.

स्टेरॉइड तर नकोच. वॉर्डात पिढ्यान्पिढ्या फिरणाऱ्या डोसच्या चिठ्ठीवर माझा राग आहे. १९९० मध्ये आलेल्या, मणक्याच्या दुखापतीतल्या स्टेरॉइडवरच्या ज्या नॅस्किस-२ अभ्यासावरून तो डोस रूढ झाला, त्यात गोळी लागलेले पेशंट घेतलेच नव्हते. टेलिग्रामवरच्या पीडीएफमध्ये हे लिहिलेलं नसतं. गुरू निवडायचाच असेल तर सुंदर स्लाइड दाखवणारा नको, रात्री तीनला फोन उचलणारा बघा.

नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो: ‘डॉक्टर, गोळी काढली का?’ सिनेमात गोळी ट्रेमध्ये ‘टण्ण’ पडते आणि माणूस डोळे उघडतो. खरं म्हणजे मान आणि छातीच्या मणक्यातली गोळी काढून ताकद परत येते असा भरवशाचा पुरावा नाही. टी१२ ते एल४ मध्ये कॅनालमध्ये (कॉर्ड आणि नसांच्या पोकळीत) अडकली असेल तर काढण्याचा फायदा दिसलेला आहे. दुखापत वाढत चालली, पाठीचं पाणी गळायचं थांबेना, गोळी सरकली, तर काढावी लागते. आतडं फोडून मणक्यात आलेल्या गोळीला ब्रॉड स्पेक्ट्रम अँटिबायोटिक, साधारण ७ ते १४ दिवस. केवळ संसर्गाच्या भीतीने ती काढायची गरज नसते. आणि गोळी गरम असते म्हणून निर्जंतुक, हा निव्वळ गैरसमज आहे.

नातेवाइकांना मी मुरलीकांत पेटकरांचं सांगतो. १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी बसली, ती तिथेच राहिली, आणि १९७२ साली हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण त्यांनी आणलं. पण पहिल्या रात्री नाही सांगत. आयसीयूच्या दाराशी ते आश्वासनासारखं ऐकू येतं, आणि तसं आश्वासन देणं आपल्या हातात नाही.

एमएलसीला (पोलिसांना कळवायच्या केसला) घाबरू नका. उपचार आधी, कागद नंतर, हे सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितलंय. कपडे कापताना कात्री भोकातून नेऊ नका. ओले कपडे वाळवून कागदी पिशवीत ठेवा. जखमेला ‘एंट्री’, ‘एक्झिट’ अशी नावं अंदाजाने देऊ नका. आकार, कडा, काळेपणा लिहा, बाकी फॉरेन्सिकवाले बघतील. गोळी काढलीच तर दातेरी कोकर चिमट्याने धरू नका, टोकांना रबरी नळी चढवा. बंदुकीच्या नळीचे गोळीवर उमटलेले ओरखडे पुसले तर पुरावा गेला. डबी सीलबंद करा, पोलिसांची सही घ्या.

डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी ठळक लिहा. पहिली: शरीरात गोळी आहे, एमआरआयआधी रेडिओलॉजिस्टला सांगणे. शिसं आणि तांबं चुंबकाने ओढलं जात नाही, पण पोलादी आवरण किंवा गाभा असेल तर ओढला जातो, आणि कट्ट्यात काय भरलं होतं ते भरणाऱ्यालाच ठाऊक. दुसरी: गोळी डिस्कमध्ये किंवा सांध्यात असेल तर रक्तातलं शिसं वेळोवेळी तपासणे. ही विषबाधा कित्येक वर्षांनीही पोटदुखी आणि अॅनिमिया होऊन येते, आणि तोवर पेशंट दुसऱ्याच कुठल्यातरी ओपीडीत जंताच्या गोळ्या खात असतो.