त्रिबिंदू जोडणी: ट्रॅक्टर आणि औजार जुळवताना घ्यायची मापे

गोव्यात ट्रॅक्टर एकाचा आणि औजार दुसऱ्याचे असा व्यवहार नेहमीचा आहे. सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत खाचरे लहान आणि मेरा (बांध) जवळजवळ असल्याने 20 ते 30 अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर सोयीचा पडतो. जुना रोटाव्हेटर किंवा नऊ फणी कल्टिव्हेटर मात्र अनेकदा घाटावरून येतो आणि तिथे तो 45 किंवा 50 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागे चाललेला असतो. विकणारा ‘बसतो’ असे सांगतो आणि औजार ट्रॅक्टरला अडकतेही. तरीही पैसे मोजण्यापूर्वी औजार ट्रॅक्टरला अडकवणाऱ्या पिनेचा व्यास, दोन पिनांमधले अंतर आणि औजाराचे वजन या तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ट्रॅक्टरच्या मागचे खालचे दोन हात आणि वरची टॉप लिंक मिळून औजार तीन बिंदूंवर धरतात. हायड्रोलिक शक्ती खालचे हात उचलते, तर टॉप लिंक औजाराचा कल सांभाळते. हॅरी फर्ग्युसन यांनी 1920च्या दशकात विकसित केलेली ही रचना पुढे जगभर रूढ झाली आणि तिची मापे श्रेणींमध्ये बांधली गेली. आपल्याकडे भारतीय मानक आयएस 4468 याच जोडणीसाठी आहे. शेतकऱ्याचा संबंध मुख्यतः पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीशी येतो. पहिल्या श्रेणीत खालच्या पिनेचा व्यास 22 मिलिमीटर आणि टॉप लिंकच्या पिनेचा 19 मिलिमीटर असतो. दुसऱ्या श्रेणीत हीच मापे अनुक्रमे 28 आणि 25 मिलिमीटर होतात. छोट्या ट्रॅक्टरना बहुधा पहिली श्रेणी असते, 40 अश्वशक्तीच्या पुढे बहुतेक वेळा दुसरी आढळते. अश्वशक्तीवरून श्रेणी गृहीत मात्र धरू नये, कारण मधल्या गटात दोन्ही प्रकार सापडतात आणि जुन्या ट्रॅक्टरचे गोळे (हातांच्या टोकाचे, पीन ज्यांच्या भोकात बसते ते) कोणीतरी बदललेलेही असू शकतात.

माप घेताना व्हर्नियर कॅलिपर वापरावा. तो नसल्यास गावातल्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणावा. पिनेवरचा गंज आणि रंग आधी खरवडून काढावा आणि व्यास दोन जागी घ्यावा: एकदा खांद्याजवळ, म्हणजे पिनेच्या मुळाच्या जाड कडेजवळ, जिथे पीन झिजत नाही, आणि एकदा मधोमध, जिथे गोळा बसतो. दोन्ही आकड्यांत एक मिलिमीटरहून अधिक फरक आला, तर पीन बदलण्याचा खर्च औजाराच्या किमतीतून वजा करून घ्यावा. गोळ्याचे भोक उभे आणि आडवे असे दोन्ही दिशांनी मोजावे, कारण झिजलेले भोक लंबगोल होते आणि एकाच दिशेने मोजले तर ते कळत नाही.

22 मिलिमीटरची पीन 28च्या गोळ्यात सहज जाते आणि नेमकी तिथेच फसगत होते. मी स्वतः एका वायंगण (उन्हाळी भात) हंगामात भाड्याचा कल्टिव्हेटर असाच बुशाविना, म्हणजे पोकळी भरणाऱ्या नळीविना, जोडला होता. फणी दगडावर आदळली की पीन त्या सहा मिलिमीटरच्या पोकळीत ठोकली जायची. तिसऱ्या दिवशी पिनेचे आटे चेपले, नट सैल झाला आणि औजार एका बाजूने लोंबू लागले. त्या वेळी चिखल मऊ होता म्हणून निभावले. पहिल्या श्रेणीचे औजार दुसऱ्या श्रेणीच्या ट्रॅक्टरला जोडायचे असेल, तर 22 आतून आणि 28 बाहेरून असा पोलादी बुश घालणे अनिवार्य आहे. वरच्या पिनेला 19 आतून, 25 बाहेरून असा वेगळा बुश लागतो. बुश गोळ्याच्या रुंदीइतका लांब असावा. पाइपाचा तुकडा कापून घातला, तर तो महिन्याभरात चेपतो.

व्यास जुळला तरी अंतर जुळेलच असे नाही. औजारावरील खालच्या दोन पिनांच्या खांद्यांमधले अंतर पहिल्या श्रेणीत सुमारे 68 सेंटिमीटर आणि दुसऱ्या श्रेणीत सुमारे 82 सेंटिमीटर असते. शिवाय पीन पहिल्या श्रेणीच्या पण अंतर कमी, असाही एक अरुंद उपप्रकार आहे आणि तो छोट्या ट्रॅक्टरवर दिसतो. हात बळेच फाकवून किंवा आवळून औजार बसवले, तर ते उचलताना हात चाकाच्या टायरला घासू शकतात. काही औजारांच्या पिना उलट्या, म्हणजे आतल्या बाजूने बसवता येतात आणि तेवढ्यानेच अंतर जुळते. विकत घेण्यापूर्वी हे करून पाहावे. दुसऱ्या श्रेणीचे औजार पहिल्या श्रेणीच्या ट्रॅक्टरला जोडण्यासाठी गोळ्याचे भोक ड्रिलने मोठे करणे हा घातक उपाय आहे, कारण त्यामुळे गोळ्याची भिंत पातळ होते. पिना बदलाव्यात, पण त्याआधी हे औजार या ट्रॅक्टरला पेलेल का, याचा हिशोब मांडावा.

तो हिशोब कागदावर असा होतो. समजा ट्रॅक्टर 800 किलोचा आहे, त्याच्या पुढच्या चाकांवर 320 किलो भार आहे आणि दोन्ही आसांमधले अंतर 1.5 मीटर आहे. 300 किलोचा रोटाव्हेटर उचलला आणि त्याचा भारमध्य मागच्या आसापासून 1.2 मीटर मागे आला, तर 300 गुणिले 1.2 भागिले 1.5, म्हणजे 240 किलो भार पुढच्या चाकांवरून कमी होतो. उरतात 80 किलो. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान 20 टक्के, म्हणजे इथे 160 किलो भार हवा. पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे 60 किलोची वजने बसवली, तर ही तूट भरून निघते. आपल्याकडे रस्त्यावरून खाचरात उतरताना आणि मेर चढताना औजार उचललेलेच असते. पुढची चाके हलकी झाली की नेमक्या त्या चढावर स्टिअरिंग हाती राहत नाही. माहितीपुस्तिकेतील उचलक्षमता वाचतानाही ती हातांच्या टोकाशी दिली आहे की 610 मिलिमीटर मागे, हे पाहावे. दुसरा आकडा नेहमी लहान असतो आणि कामाचाही तोच आहे.

रुंदीचा नियम सोपा आहे. रोटाव्हेटरने मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडा झाकल्या पाहिजेत, अन्यथा चाकांचे चर तसेच राहतात. चिखलणीसाठी लोखंडी केज व्हील लावत असाल, तर ती लावूनच रुंदी मोजावी.

रोटाव्हेटरच्या बाबतीत पीटीओ शाफ्टकडे, म्हणजे इंजिनची फिरती शक्ती औजारापर्यंत नेणाऱ्या दांड्याकडे, विशेष लक्ष द्यावे, कारण एका ट्रॅक्टरसाठी कापलेला शाफ्ट दुसऱ्याला क्वचितच योग्य लांबीचा ठरतो. इंजिन बंद ठेवून आणि औजाराखाली भक्कम ठोकळे देऊन, शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीपर्यंत शिरतात का, तसेच ट्रॅक्टर आणि औजार सर्वांत जवळ येतात त्या स्थितीत त्या टोकाला भिडत नाहीत ना, हे पाहावे. शाफ्ट लांब असेल, तर दोन्ही नळ्या आणि त्यांची प्लास्टिक आवरणे सारखीच कापावीत. आवरण काढून टाकून शाफ्ट चालवू नये. लुंगीचे टोक किंवा चिखलाने भिजलेला पंचा फिरत्या शाफ्टमध्ये ओढला जायला क्षणही लागत नाही.

खालच्या हातांना आवरणाऱ्या बाजूच्या साखळ्या रोटाव्हेटरसाठी घट्ट ठेवाव्यात; नांगर आणि कल्टिव्हेटरला थोडी ढील द्यावी, परंतु रस्त्याने नेताना त्याही आवळाव्यात. खाजन (खाडीकाठच्या खारट) शेतात काम केल्यावर पिना, गोळे आणि टॉप लिंकचे आटे त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन ग्रीस लावावे, कारण खाऱ्या चिखलाने गोळा एकदा जाम झाला की पीन त्यातच वळू लागते आणि जुळवून आणलेले माप एका हंगामात बिघडते.