सांगलीत सर्व्हर सांभाळायला आलेल्या नव्या मंडळींसाठी

मी मूळचा परभणीचा, पण आता गावी गेलो की तिकडचेच म्हणतात, तुझं बोलणं पार सांगलीचं झालंय. इथे दरवर्षी नवी पोरं-पोरी येतात. कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत, कुणी साखर कारखान्यात, कुणी मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवर संगणकाचं सगळं बघायला. हे त्यांच्यासाठी.

खोलीचं आधी. विश्रामबागेकडे बघा. नदीकाठच्या पेठांत घेतलीत तर तळमजला नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ऑफिसचा सर्व्हर तळमजल्यावर असेल तर तोही पावसाळ्याआधी वर हलवायला सांगा. जेवणाचं, भडंगाचं तुमचं तुम्हाला कळेलच.

आता कामाचं. रुजू झालात की कुणीतरी लिनक्सचा सर्व्हर आणि नावांची यादी हातात देईल आणि म्हणेल, ‘एवढे युजर बनवून टाका.’ लगेच टाकू नका. डिफॉल्ट सेटिंग बहुतेक करून युजर बनतो त्या क्षणीच लागतात. नंतर बदललीत तर जुने युजर होते तसेच राहतात.

ईटीसी म्हणजे सेटिंगच्या फाइलींचा फोल्डर, त्यातली लॉगिन-डॉट-डेफ्स फाइल आधी उघडा. पासवर्ड किती दिवस चालेल त्याचा आकडा तिथे सहसा ९९९९९ असतो, म्हणजे जवळपास पावणेतीनशे वर्षं! तो ९० करा, पण आधीच्या युजरांना ‘चेज’ कमांडने एकेक करून लावावा लागेल. मग ‘यूजरॲड मायनस कॅपिटल डी’ चालवा; यूजरॲड ही युजर बनवायची कमांड. शेल (युजरच्या कमांडी चालवणारा प्रोग्राम) कुठला, होम (युजरचा स्वतःचा फोल्डर) कुठे, ग्रुप कुठला हे सगळं समोर येतं. ईटीसीमधल्याच स्केल या नमुन्याच्या फोल्डरमध्ये जे ठेवाल ते प्रत्येक नव्या होममध्ये कॉपी होतं, तेही एकदाच. त्यात पासवर्ड किंवा लॉगिनची ‘की’ (किल्ली) असलेली फाइल चुकूनही ठेवू नका. डेबियन किंवा उबुंटूवर नुसत्या यूजरॲडने होम फोल्डर बनत नाही, ‘मायनस एम’ द्यावं लागतं. रेड हॅटवर ते आपोआप बनतं. आधीच्या नोकरीतली सवय इथे घात करते.

नावांचा नियमही पहिल्याच दिवशी ठरवा. आडनावावरून लॉगिन द्याल तर या जिल्ह्यात पाटलांतच अडकाल. मी कर्मचारी क्रमांक जोडतो.

खरी कटकट ग्रुपची. समजा वजनकाटा आणि शेती विभाग एकाच फोल्डरमध्ये काम करतात. तुम्ही दोघांना एका ग्रुपमध्ये घातलंत, फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर केलंत, आणि दुपारी काट्यावरचे आबा फोन करतात, ‘साहेब, फाइल उघडतीय, पण सेव्ह होईना की ओ.’ कारण फाइल बनवणाऱ्याच्या स्वतःच्या ग्रुपची झालेली असते आणि यूमास्क, म्हणजे नव्या फाइलीवरच्या कुठल्या परवानग्या काढायच्या तो आकडा, ०२२ असल्याने ग्रुपला लिहायची परवानगीच नसते. फोल्डरवर सेटजीआयडी नावाची खूण लावा, म्हणजे आतली नवी फाइल फोल्डरचाच ग्रुप घेईल, आणि यूमास्क ०२ करा, म्हणजे ग्रुपलाही लिहिता येईल. ०२ ऐकून घाबरायचं कारण नाही, पण ते प्रत्येकाचा स्वतःचा वेगळा ग्रुप असेल तरच. सगळ्यांना सरसकट ‘यूजर्स’ ग्रुपमध्ये कोंबलं असेल तर एकाच्या फाइलीत दुसरा लिहू शकतो. यूमास्क लॉगिनच्या वेळी लागतो, त्यामुळे तो जुन्या युजरांनाही लागू शकतो. बदल केल्यावर नव्याने लॉगिन करून नुसतं ‘यूमास्क’ टाइप करा आणि आकडा डोळ्यांनी बघा. आबांनाही एकदा बाहेर पडून परत लॉगिन करायला सांगा, नाहीतर नवा ग्रुप त्यांना दिसणारच नाही. आणि यूजरमॉड या युजर बदलायच्या कमांडने ग्रुप वाढवताना ‘मायनस ए’ विसरलात तर त्यांचे आधीचे जादा ग्रुप सगळे गळतात.

कारखान्यात असाल तर हंगामी माणसांचा हिशेब वेगळा. गळीत सुरू होताना त्यांचे युजर बनतात, आणि हंगाम संपल्यावर कुणाला आठवतही नाहीत. बनवतानाच ‘मायनस ई’ने शेवटची तारीख टाका. मध्येच कुणी सोडून गेलं तर नुसतं लॉक करून भागत नाही. त्याने पासवर्ड बंद होतो, पण एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) साठी त्याची ‘की’ ठेवलेली असेल तर माणूस पासवर्डशिवाय आत येऊ शकतो. तिथेही तारीखच मागची टाका. युजर उडवायची घाई तर मुळीच नको. शेवटी बनवलेला युजर उडवलात की त्याचा क्रमांक पुढच्या नव्या माणसाला मिळतो आणि जुन्याच्या उरलेल्या फाइलींचा मालक तोच होऊन बसतो.