दहा दिवसांत ‘शारदा’ बसवायची तर

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अंबाजोगाईत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचं दहा दिवसांचं नाट्यशिबिर घेते. निम्मी लेकरं आसपासच्या खेड्यांतली, काहींचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. जुनं नाटक यांना झेपेल का, असं मला दरवेळी विचारतात. मी गोविंद बल्लाळ देवलांचं १८९९ चं ‘संगीत शारदा’ घेते. पैशासाठी पोरगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला बाप बीड जिल्ह्यातल्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही.

आधी कागदपत्रं. लेखक वारल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतात. देवल १९१६ मध्ये गेले, त्यामुळे हे नाटक मोकळं आहे. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ करायचं असेल तर परवानगी घ्यावीच लागेल. जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचं काम शिबिराच्या आधीच उरका.

पहिले तीन दिवस कुणालाही उभं करू नका. गोल बसून मोठ्यानं वाचन, भूमिका न वाटता. प्रवेश संपला की एकानं तो घरच्या बोलीत सांगायचा. एक पोरगी उठली आणि म्हणाली, “बाप इकायलाय की वो लेकीला!” तिथून पुढं पोरं पुस्तकाला भ्यायची थांबली. पण संवाद बोलीत बदलू नका. शारदेच्या बापाची, कांचनभटाची, ती सोज्वळ, घोळवलेली भाषाच त्याचा व्यवहार झाकते. ती काढली तर उरतो फक्त एक ओरडणारा खलनायक.

आणि पोरं तसंच करतात. गेल्या वर्षीचा कांचनभट डोळे वटारून गरजायचा. त्याचे वडील बैलबाजारात फिरणारे. मी त्याला म्हटलं, भाव ठरताना काय करतात ते दाखव. त्यानं उपरणं घेतलं, लग्न जुळवणारा मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित झालेल्या पोराचा हात त्याखाली धरला आणि बोटं दाबायला लागला. मी म्हटलं, आता असेच हात धरून देवलांचे संवाद म्हणा. वर मुलीच्या सुखाच्या, मोठ्या घराण्याच्या गोष्टी आणि खाली बोटांवर भाव! कोपऱ्यातली शारदा त्या उपरण्याकडं बघत राहिली. आवाज आपोआप खाली आला. प्रयोगातही आम्ही ते तसंच ठेवलं. तुमच्या पोरांच्या घरी असं काय आहे, ते विचारत राहा.

एक चूक हमखास होते: १९२९ च्या शारदा कायद्याचं नाव या नाटकावरून पडलं, असं पोरं सांगतात. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आहे. त्या कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय १४ ठरवलं, आज ते १८ आहे. हे शिबिरातल्या १४ वर्षांच्या पोरीकडूनच मोठ्यानं वाचून घ्या.

पदं भरपूर आहेत. नांदी धरून पाच-सहाच ठेवा. गावातल्या भजनी मंडळाचा पेटीवाला पहिल्या दिवसापासून बसवा आणि पट्टी पोरीच्या गळ्याला लावा, जुन्या रेकॉर्डला नाही. एकदा मी उंच पट्टीचा हट्ट धरला आणि सातव्या दिवशी शारदेचा घसा बसला. तेव्हापासून दुपारच्या तालमीत पद नाही, गायन फक्त सकाळी सातला.

पाठांतर सहाव्या दिवशी पक्कं हवं. नंतर पुस्तक फक्त विंगेतल्या एकाच्या हातात. शेवटचे दोन दिवस पंखे चालू ठेवून तालीम घ्या, कारण पत्र्याच्या हॉलमध्ये पंख्याचा आवाज शब्दांची शेवटची अक्षरं खातो. मागच्या भिंतीशी एक पोरगं बसवा. ऐकू आलं नाही की त्यानं हात वर करायचा.

नेपथ्यावर खर्च नको, एक पाट आणि एक समई पुरे.

प्रयोग रात्री नऊला लावा. त्याआधी लावला तर पोरींच्या आया चुलीपाशीच अडकतात, आणि पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठीच राखायच्या असतात.