स्वस्तातलं छोटं पिस्तूल सारखं अडकतंय? आधी हे बघा

आधी मॅगझिन (गोळ्या भरायचा डबा) काढा, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे का ते डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही चाचपा, मगच बाकीचं. माझ्या मते पहिला संशय मॅगझिनवरच घ्यायचा, त्याचे वरचे ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या कडा) वाकलेले असतात नाहीतर स्प्रिंग ढिली पडलेली असते, म्हणून प्रत्येक मॅगझिनवर मार्करने नंबर टाका, म्हणजे कुठलं दगा देतंय ते लगेच कळतं. कंपनीचं चिकट ग्रीस पुसून स्लाइड ज्यांवर सरकते त्या रेल्सवर तेलाचा एकेक थेंब बास, फायरिंग पिनची (गोळीच्या मागे आदळणाऱ्या पिनेची) जागा मात्र कोरडी ठेवा. गोल नाकाच्या गोळ्या सहसा कमी अडकतात. आणि गोळी झाडताना मनगट ढिलं सोडू नका, छोट्या पिस्तुलाला ते अजिबात चालत नाही! फीड रॅम्प (ज्या उतारावरून गोळी चेंबरमध्ये जाते तो) स्वतः घासत बसू नका, ते काम गनस्मिथकडेच, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्या.