अख्खं खानदान घेऊन जपानला निघालात? या चुका टाळा

"आम्ही अकरा जण जपानला भेटतोय, प्लॅन जरा बघतेस का?" असं कोणी विचारलं की प्लॅन न बघताच मला तो पाठ असतो. नऊ दिवस, सहा शहरं, रोज सकाळी सातला लॉबीत हजर. चार देशांतून माणसं एकमेकांना भेटायला येणार आणि भेटणार फक्त प्लॅटफॉर्मवर!

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळं एकाच माणसाकडे देणं. आम्ही तेच केलं. अकरा पासपोर्ट आणि शिंकान्सेन या बुलेट ट्रेनची अकरा तिकिटं एका पाऊचमध्ये, पाऊच काकांच्या गळ्यात. "हरवाहरवी नको" हा त्यामागचा विचार. पॉकेट वायफायही एकच, तो भाच्याकडे. मधल्या स्टेशनांवर शिंकान्सेन जेमतेम एक-दोन मिनिटं थांबते. क्योटो आलं, आम्ही बॅगा ओढत उतरलो. काका मात्र वरच्या रॅकवर राहिलेली काकूंची बॅग काढायला मागे वळले, तेवढ्यात दार बंद. काका पुढच्या स्टेशनला, शिन-ओसाकाला, तेही नेटशिवाय, आणि आम्ही दहा जण क्योटोच्या गेटच्या आत, तिकिटांशिवाय. पाऊण तासाने काका परतले. चूक कोणाची यावर काका-काकूंचं अजून एकमत नाही.

तेव्हापासून माझ्याबरोबर येणाऱ्याचा पासपोर्ट, तिकीट आणि ई-सिम ज्याचं त्याच्याकडे. आजोबा असोत नाहीतर दहावीतला मुलगा. तसंही तिथे परदेशी पाहुण्याने पासपोर्ट जवळ बाळगावा असा कायदाच आहे. मोठ्या बॅगा मी गाडीत चढवतच नाही. आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून 'ताक्युबिन' या सामान पोचवणाऱ्या सेवेने पुढच्या हॉटेलला पाठवते, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पोचतात. एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या सॅकमध्ये. "पैसे कशाला घालवायचे, उचलू की आपण" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : टोकियो-क्योटो मार्गावर लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीपेक्षा मोठी बॅग असेल, तर तिच्या जागेसह सीट आधी राखून ठेवावी लागते.

जेआर पास, म्हणजे जपानच्या रेल्वेचा ठरावीक दिवसांचा पास, डोळे मिटून घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला. नुसतं टोकियो-क्योटो जाऊन-येऊन तो वसूल होत नाही. जुने व्हिडिओ बघून आलेले लोक हे ऐकूनच घेत नाहीत.

आता जेवण. रियोकानला, म्हणजे तिथल्या पारंपरिक जपानी मुक्कामाच्या जागी, आम्ही "तिघे शाकाहारी" एवढंच कळवलं आणि निश्चिंत झालो. रात्री टोफू, वांगं, मिसो सूप, सगळं देखणं. आत्याने सूप दोनदा मागून घेतलं. मग भाच्याने फोनवर भाषांतर करून विचारलं, यात काय काय आहे? उत्तर आलं, दाशी. म्हणजे रश्श्यासाठीचा अर्क, आणि इथे तो सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कात्रणांचा. आत्याने वाटी खाली ठेवली ती ठेवलीच. पुढचे तीन दिवस खाकरा आणि केळी. यजमानीणबाईंनी इतक्यांदा वाकून माफी मागितली की आम्हालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. फसवलं कोणीच नव्हतं. तिथे भाजीची डिश म्हणजे डोळ्यांना भाजी दिसते ती. रस्सा कशाचा, हे वेगळं विचारायचं असतं.

मी आता दोन आठवडे आधी जपानीत यादी पाठवते : मांस नको, मासे नकोत, माशाची दाशी नको, कोम्बू या समुद्रशेवाळाची किंवा शिइताके अळंबीची चालेल. दारात पोचून सांगणं म्हणजे पंगत बसल्यावर आचाऱ्याला मेनू सांगण्यासारखं आहे. आत्यासारखी माणसं असतील तर एक रात्र कोयासानच्या देवळात राहा. तिथल्या भिक्खूंच्या शाकाहारी जेवणात, म्हणजे शोजिन र्‍योरीत मांस-मासे नसतातच, कांदा-लसूणही टाळतात.

ओन्सेनबद्दल, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सार्वजनिक स्नानाबद्दल, घरातच बोलून घ्या. आधी अंग स्वच्छ धुवायचं, मग पाण्यात उतरायचं, आणि तेही कपड्यांविना. वहिनी स्विमसूट घालून दारापर्यंत गेल्या होत्या. लाज वाटणाऱ्यांसाठी कुटुंबापुरता हौद तासाभरासाठी मिळतो का, ते बुकिंग करतानाच विचारा.

अमेरिकेहून येणारा दादा पाच तारखेला निघून सहाला उतरतो. खोली पाचपासून घेऊ नका. टोकियोला नारिता आणि हानेदा हे दोन वेगळे विमानतळ आहेत, कोण कुठे उतरतंय ते आधी विचारा. ट्रेनमध्ये फोनवर बोलू नका, व्हिडिओ कॉल तर मुळीच नको. टिप ठेवू नका, ती परत द्यायला मागे धावत येतात. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन किती आहे ते बघा, ठरावीक प्रमाणाच्या वर बंदी आहे.

आणि ते 'सगळे एकत्रच' फिरायचं खूळ सोडा. छोट्या खानावळीत आठ-दहा खुर्च्या, साध्या टॅक्सीत चार प्रवासी. अकरा जण दारात उभे राहिले की आतला माणूस हातांची फुली करून दाखवतो. आम्ही दिवसा तीन-चार जणांचे गट करतो. ज्याला देवळं हवीत तो देवळांत, ज्याला खेळण्यांची दुकानं हवीत तो तिकडे. संध्याकाळी सहाला सगळे रियोकानवर, कारण जेवण ठरल्या वेळेलाच वाढतात आणि त्यानंतर पत्ते कुटायला अख्खी रात्र मोकळी असते.