नाशिकमध्ये धावायला सुरुवात कशी करावी: पहिले १२ आठवडे

धावणं सोडलेल्या माणसाला कारण विचारून बघा. ‘आपल्यात स्टॅमिनाच नाही’ म्हणणाऱ्याने बहुधा पहिल्याच आठवड्यात सोडलेलं असतं. ‘नडगी दुखायला लागली’ किंवा ‘गुडघे धरले’ म्हणणाऱ्याने तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. दोघांचाही घोळ एकच, झेपेल त्यापेक्षा जोरात पळाले.

यामागे शरीराचं एक साधं गणित आहे. हृदय, फुप्फुसं आणि रक्ताभिसरण लवकर सुधारतं. दोन-तीन आठवड्यांतच जिना चढताना फरक कळायला लागतो. हाडं, टेंडन (स्नायू हाडाला बांधणारे दोर) आणि लिगामेंट (हाडाला हाड बांधणारे पट्टे) मात्र रेंगाळतात, त्यांना महिने लागतात. म्हणून साधारण चौथ्या आठवड्यात माणसाला वाटतं, आता जमलं, आज अजून एक राउंड मारू. दम पुरतो, पण पाय अजून तयार नसतात. खालचा सगळा कार्यक्रम याच एका गोष्टीवर बेतलेला आहे.

१. आधी स्वतःला तपासा

अर्धा तास भरभर चालता येतं का ते बघा. येत नसेल तर दोन-तीन आठवडे नुसतं चाला, त्यात काही कमीपणा नाही. बीपी, शुगर, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, वजन बरंच जास्त असेल किंवा चाळिशी उलटून गेली आणि इतकी वर्षं बैठं काम झालं असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर सकाळी उपाशीपोटी पळण्याबद्दल मुद्दाम विचारा. आणि पळताना छातीत दडपल्यासारखं झालं, चक्कर आली, हात-जबडा दुखायला लागला तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. ‘गॅस असेल’ म्हणून घरी जाऊन झोपायचं नाही.

२. बूट घ्या, बाकी घरात आहे ते चालेल

खर्च करायचा तो इथेच. शाळेतले कॅनव्हासचे किंवा फॅशनचे स्नीकर्स नकोत, धावण्यासाठी बनवलेले बूट घ्या. महागडे कार्बन प्लेटवाले बूट नवख्याच्या काही कामाचे नाहीत. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात, तेच खरं माप. ज्या मोज्यांवर पळणार ते घालून बघा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठाभर जागा हवी. दुकानदाराला सांगून तिथल्या तिथे दहा-वीस पावलं पळून बघा. कुठे बोचत असेल तर ‘वापरून सैल होईल’ यावर विश्वास ठेवू नका.

असा जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. आठवड्याला १० किलोमीटर धरले तर वर्षभर आरामात. सुती बनियन घामाने जड होतं आणि काखेत, मांड्यांत घासतं, त्यामुळे पॉलिस्टरचा साधा टी-शर्ट बरा. घासतं तिथे आधी व्हॅसलीन लावा. बायकांनी चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्यावी, तिथे काटकसर नको. पळायला सलवार-कमीज असली तरी हरकत नाही, फक्त ओढणी घरी ठेवा.

३. जागा ठरवा

नवख्यासाठी सपाट आणि गाड्या नसलेली जागा सगळ्यात चांगली. त्र्यंबक रोडवरच्या गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, जॉगिंग ट्रॅक आहे. सकाळी गर्दी असते, पण त्या गर्दीत तुमच्याकडे कोणी बघत नाही, हाच फायदा. गोदापार्क सावलीचा आणि शांत, फक्त पावसाळ्यात जरा बघून जा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदीकाठ आधी पाण्याखाली जातो. तिकडे गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी असेल, त्या दिवशी गोदापार्कचं नाव काढू नका. पाणी ओसरल्यावरही चार दिवस गाळ आणि शेवाळ राहतं.

पांडवलेणीच्या पायऱ्या पहिले तीन महिने नकोत. चढताना दम लागतो तो ठीक आहे, खरी कसोटी उतरताना गुडघ्यांची लागते.

रस्त्यावर पळावं लागलं तर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल असं पळा. कानात इअरफोन असतील तर एकच कान भरा. आणि कुत्री. पहाटे पाच-साडेपाचला कॉलनीतली कुत्री स्वतःला वॉचमन समजतात. अंगावर आलं तर पळू नका, पळणाऱ्यामागे ते लागतंच. थांबा, डोळ्याला डोळा न भिडवता हळूहळू चालत पुढे जा. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

४. पळा, चाला, पळा

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. मंगळवार, गुरुवार, रविवार असं धरा. दर वेळी सुरुवातीला ५ मिनिटं भरभर चालायचं, शेवटी ५ मिनिटं हळू चालायचं. मधलं असं:

आठवडा १ आणि २: १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, ८ वेळा.
आठवडा ३ आणि ४: २ मिनिटं पळणं, २ मिनिटं चालणं, ६ वेळा.
आठवडा ५ आणि ६: ३ मिनिटं पळणं, २ मिनिटं चालणं, ५ वेळा.
आठवडा ७ आणि ८: ५ मिनिटं पळणं, २ मिनिटं चालणं, ४ वेळा.
आठवडा ९ आणि १०: १० मिनिटं पळणं, २ मिनिटं चालणं, २ वेळा.
आठवडा ११: १५ मिनिटं पळणं, २ मिनिटं चालणं, पुन्हा १० मिनिटं पळणं.
आठवडा १२: सलग २५ मिनिटं.

एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. लग्न, परीक्षा, आजारपणात आठवडाभर खाडा झाला तर एक पायरी मागे या. सोपा गेला म्हणून उडी मात्र मारायची नाही. पहिला पंधरवडा बहुतेकांना पोरखेळ वाटतो आणि नेमका तेव्हाच अंगात जोर येतो.

५. वेग: लाज वाटेल इतका हळू

आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं, ते साधारण ३३ मिनिटांत. किलोमीटरला सव्वातीन मिनिटांच्या जरा वर. तुमचा किलोमीटर आठ, नऊ, दहा मिनिटांचा असेल आणि तोच बरोबर आहे. शेजारून एखादे आजोबा झपाझप चालत पुढे गेले तर जाऊ द्या.

वेग मोजायला घड्याळ नको. पळता पळता घरी फोन लावल्यासारखं मोठ्याने बोला: ‘हो, येताना दूध आणि पाव आणतो, अर्ध्या तासात पोचतो.’ एका दमात सगळं वाक्य निघालं तर वेग ठीक. ‘हो... येताना...’ असं तुटायला लागलं तर हळू व्हा. तरीही तुटतंय? मग चाला.

पावलं लहान आणि भराभर ठेवा. पाय लांब फेकून टाच आपटली की तो धक्का नडगीतून गुडघ्यात जातो. पाऊल शरीराच्या खालीच पडायला हवं. तुमच्या पावलांचा थपथप आवाज तुम्हालाच मोठा ऐकू येत असेल, तर पाऊल लांब पडतंय असं समजा. खांदे कानाजवळ चढले असतील तर एकदा हात सैल झटकून घ्या. श्वास नाकाने घ्यायचा की तोंडाने, यावर ट्रॅकवर बरीच भाषणं ऐकायला मिळतील. दोन्हीने घ्या.

६. कुठलं दुखणं साधं, कुठलं नाही

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही पोटऱ्या, मांड्या सारख्याच दुखतात आणि जरा हिंडल्याफिरल्यावर मोकळ्या होतात, ते दुखणं नव्या कामाचं. त्याला औषध नको.

एकाच पायात, एकाच ठिकाणी, टोचल्यासारखं आणि चाल बदलायला लावणारं दुखणं वेगळं. नवख्याला सगळ्यात जास्त छळते ती नडगी. घरी बसून तिच्या आतल्या कडेवरून बोट दाबत घोट्यापर्यंत या. वीतभर पट्टाच दुखत असेल तर बहुधा हाडालगतचा भाग सुजलाय. आठ-दहा दिवस पळणं बंद, चालणं किंवा सायकल चालू, बर्फाने शेका, आणि परत याल तेव्हा दोन पायऱ्या मागून सुरू करा. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ जात असेल, रात्रीही ठणकत असेल किंवा त्या पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मालिश, लेप, ‘सहन कर, मोकळं होईल’ हे सगळं बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पेनकिलर घेऊन तर अजिबात पळू नका. दुखणं हाच तिथे एकमेव इशारा असतो.

हे टाळायला घरच्या जिन्यात एक व्यायाम करा. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, १५ वेळा, असे दोन फेरे, आठवड्यातून तीनदा. दात घासताना होतो.

७. खाणं, पाणी, ऋतू

अर्ध्या तासाच्या पळण्याला उठल्यावर ग्लासभर पाणी पुरतं. भूक लागत असेल तर अर्धं केळं. इलेक्ट्रोलाइटची पाकिटं एवढ्यात नकोत. रविवारी पळून झाल्यावर मिसळ खा, खुशाल खा, फक्त तर्री पोटात घेऊन पळायला जाऊ नका.

एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेसहाच्या आत संपवा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत चालण्याचा वॉर्मअप ५ चा १० मिनिटं करा, पोटऱ्या आखडलेल्या असतात. पावसात भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा आणि दोन-तीन तासांनी बोळे बदला.

८. तीन महिन्यांनंतर

सलग २५ मिनिटं जमली की आठवड्यातल्या फक्त एका दिवशी, रविवारी, दोन-तीन मिनिटं वाढवा, बाकीचे दोन दिवस आहेत तसेच. चौथा दिवस आणखी दोन महिने नको.

नाशिकमध्ये जानेवारीत मविप्र (मराठा विद्या प्रसारक) मॅराथॉन आणि नाशिक रन, दोन्ही असतात. नवरात्राच्या आसपास सुरुवात केलीत तर पाऊस ओसरलेला असतो आणि बारा आठवडेही वेळेत बसतात. पहिल्यांदा नाव नोंदवताना सगळ्यात छोटं अंतर निवडा. ऑफिसातला ग्रुप एकवीस किलोमीटरला नाव घालत असला, तरीही. त्या दिवशी नवे बूट घालू नका, सुटल्यावर सगळे भन्नाट निघतील त्यांना निघू द्या, आणि पहिला किलोमीटर दूध-पावाचं वाक्य म्हणत काढा.