वाचनालयात संगणक आला? मग या चुका टाळा

देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. तेव्हापासून सातबारा, दाखले, पीक पाहणी एकेक करत ऑनलाइन गेलं. आता गावातल्या वाचनालयात संगणक असला की लोक पुस्तकाआधी फॉर्म घेऊन येतात. येऊ द्यावेत, वाचनालयाची वर्दळ वाढते. पण फॉर्म असो की पुस्तकांची यादी, घोळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो. संगणक अक्षराला अक्षर जुळवतो; ना त्याला माणूस कळतो, ना पुस्तक.

नाव जुळलं नाही की लगेच आधार बदलणं

सातबाऱ्यावर ‘नाना भिका पाटील’ आणि आधारवर ‘ज्ञानेश्वर भिकन पाटील’. अख्ख्या गावाला माणूस एकच आहे हे ठाऊक, पण शेतकरी ओळख क्रमांक काढताना काम अडतं. मग कोणीतरी सल्ला देतं, आधारवरचं नाव बदलून टाका. हा सल्ला ऐकू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. शिवाय बँक, पॅन, रेशन सगळं त्याच नावाला बांधलेलं असतं, म्हणजे एक गाठ सोडवताना चार नव्या बसतात. आधी चूक कुठे आहे ते बघा. सातबारा संगणकावर चढवताना लेखनचूक झाली असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सोबत जुना हस्तलिखित उतारा जोडा. चूक नेमकी कधी शिरली ते त्यातून दिसतं.

सातबाऱ्याचीच आणखी एक गोष्ट. ऑनलाइन फुकट दिसतो तो उतारा फक्त बघण्यापुरता. कामासाठी १५ रुपये भरून डिजिटल सहीचा काढा. फुकटच्याची प्रिंट घेऊन बँकेत गेलात तर हेलपाटा पक्का.

ओटीपी सुरतेला जाणं

आधारला मोबाइल मुलाचा जोडलेला, मुलगा सुरतेत कामाला, आणि त्याची ड्युटी रात्रीची. इकडे म्हातारे आप्पा संगणकासमोर बसून. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर सिमच बदललेलं असतं. म्हणून फॉर्म उघडण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा: आधारला कोणता नंबर आहे आणि तो फोन आत्ता कोणाच्या हातात आहे?

अर्ज गेल्यावर पोचपावती घेतल्याशिवाय कोणालाही उठू देऊ नका. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या, सेवांना मुदत ठरलेली आहे. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. पण अर्ज क्रमांक हाती नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार?

पुस्तक कपाटात, पण शोधात नाही

हे दुखणं फार वाचनालयांत आहे आणि त्याच्याकडे लक्ष कमी जातं. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून टंकता येतं, तसंच ‘अ’ टंकून त्यावर अर्धचंद्र देऊनही. ‘दऱ्या’तला ‘ऱ’ही दोन तऱ्हांनी येतो. पडद्यावर फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. सकाळच्या माणसाने एका कीबोर्डवर नोंद केली आणि संध्याकाळच्याने दुसऱ्यावर शोध घेतला, की उत्तर येतं ‘पुस्तक उपलब्ध नाही’. वाचक रिकाम्या हाती परत जातो. उपाय साधा आहे: सगळ्यांनी एकच युनिकोड कीबोर्ड वापरायचा, इनस्क्रिप्ट ही प्रमाणित कळमांडणी असेल तर उत्तम. पुस्तकाचा दाखल क्रमांक (वाचनालयात आल्यावर त्याला मिळणारा) मराठी अंकांत की इंग्रजी, लेखकाचं आडनाव आधी की नाव, हेही एकदाच ठरवून भिंतीवर लावा. जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर ती कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण घाण तिथेच राहते.

आपल्याकडची खास चूक वेगळीच. अहिराणी आणि लेवा गणबोली या खानदेशातल्या बोलींत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. नोंद करणारा हौसेने शुद्धलेखन सुधारतो आणि पुस्तकाचं नावच बदलून बसतो. मुखपृष्ठावर आहे तसंच टंका. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ न लिहिता ‘अहिराणी’ लिहा, नाहीतर अहिराणी पुस्तकं मागणाऱ्याला एकही सापडणार नाही.

जुनी पुस्तकं स्कॅन करून ग्रुपवर टाकण्याआधी लेखकाच्या मृत्यूचं वर्ष बघा. लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीतली पुस्तकं २०११ पासून मुक्त झाली. कालपरवाच्या लेखकाला हा हिशेब लागू नाही.

वही रद्दीत घालणं

संगणक आला म्हणून दाखल नोंदवही बंद करू नका. हार्ड डिस्क सांगून बिघडत नाही. आठवड्यातून एकदा यादीची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो पेनड्राइव्ह संगणकाशेजारच्या खणात ठेवू नका.

संगणक सार्वजनिक आहे, हेही ध्यानात असू द्या. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये लोकांची आधार कार्डं साठत जातात. जिथे चालतं तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार वापरा. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी तो फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामे करा, आणि कोणाचं व्हॉट्सअॅप वेब उघडं राहिलं असेल तर लॉगआउट करा.